कला परिवर्तक

एककला विद्युत् पुरवठ्यावरून त्रिकला यंत्रे चालविण्याकरिता वापरण्यात येणारे साधन. व्यवहारात या पुरवठ्यांना अनुक्रमे सिंगल फेज व थ्री फेज असे म्हणतात. लेथ, छिद्रण यंत्र, करवत यंत्र, पिठाची गिरणी इत्यादींना बहुधा त्रिकला प्रवर्तन चलित्रे (मोटरी) बसविलेली असतात. लहान कर्मशाळेत मात्र पुष्कळदा एककला पुरवठाच उपलब्ध असतो. अशा वेळी चलित्र न बदलता ते चालविण्यासाठी कला परिवर्तक वापरतात.

तत्त्व : त्रिकला पुरवठ्यातील तीन प्रत्यावर्ती (मूल्य व दिशा उलटसुलट बदलणारे) विद्युत् दाब एकमेकांच्या १२०° मागेपुढे असतात. त्यांमुळे चलित्राच्या स्थाणुकात (स्थिर भागात) फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते व ते घूर्णकाला (फिरत्या भागाला) आपल्याबरोबर ओढते. एकाच कलेमुळे निर्माण होणारे क्षेत्र फिरत नाही, एकाच अक्षावर कमीजास्त होते. ते परस्परविरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या दोन समान क्षेत्रांचे बनलेले आहे, असे मानता येते. घूर्णक स्थिर असताना या दोहोंची पीडन परिबले (फिरविणाऱ्या प्रेरणा) एकमेकांना निष्फळ करतात. चलित्र नुसते गुणगुणते व झपाट्याने तापते. एकदा गती मिळाली की, त्या दिशेच्या क्षेत्राचा प्रभाव वाढून ते फिरत राहते.

प्रकार : (१) धारित्रयुक्त परिवर्तक : यात चलित्राची दोन टोके पुरवठ्याला व तिसरे टोक धारित्रामार्फत त्यांपैकी एका तारेला जोडतात. धारित्रामुळे तिसऱ्या टोकाच्या दाबाची कला सरकते. चार्ल्स प्रोटिअस स्टाइनमेट्स (१८६५–१९२३) यांच्या नावाने ही जोडणी ओळखली जाते. भारतात सु. ३ अश्वशक्तीपर्यंतची चलित्रे सामान्यतः ४१५ व्होल्टला तारा जोडणीची असतात. त्यांच्या गुंडाळ्यांची सहाही टोके बाहेर काढलेली असल्यास त्रिकोण जोडणी करून ती २४० व्होल्टवर चालविता येतात. दर किलोवॉटला सु. ७० मायक्रोफॅराड धारिता लागते. सुरू करताना ती वाढवावी लागते व वेग आल्यावर जादा धारित्र काढून टाकावे लागते. चलित्रापासून मूळ शक्तीच्या सु. ७०% शक्तीच मिळते. तीन कलांतील समतोल एका ठराविक भारालाच साधतो, म्हणून भार सतत बदलणाऱ्या यंत्रास ही पद्धत योग्य नाही.

(२) परिभ्रमी परिवर्तक : यात एक त्रिकला चलित्र भाराविना एककला पुरवठ्यावर फिरत ठेवतात. त्याच्या तिसऱ्या गुंडाळीत प्रवर्तित होणारा दाब व मूळच्या दोन तारा मिळून त्रिकला पुरवठा तयार होतो. त्यावर एकाहून अधिक यंत्रे चालू शकतात. मात्र परिवर्तकाचे चलित्र त्यांतील सर्वांत मोठ्या चलित्राहून मोठे असावे लागते. ४१५ व्होल्ट हवे असल्यास आधी रोहित्राने दाब वाढवावा लागतो. भारतीय रेल्वेच्या २५,००० व्होल्ट एककला पुरवठ्यावरील जुन्या विद्युत् एंजिनांत पंखे व संपीडक चालविण्यासाठी याच तत्त्वावरील आर्नो परिवर्तक बसवीत. पुढे त्यांची जागा स्थिर इलेक्ट्रॉनीय परिवर्तकांनी घेतली.

(३) इलेक्ट्रॉनीय परिवर्तक : यात प्रत्यावर्ती प्रवाहाचे प्रथम एकदिश प्रवाहात व नंतर अर्धसंवाहक स्विचांच्या साहाय्याने त्रिकला प्रवाहात रूपांतर करतात. कंप्रता बदलून वेगाचे नियंत्रण करता येते आणि चलित्र सावकाश सुरू करता येते. साध्या प्रकारात निर्गत दाब पुरवठ्याच्या दाबाहून अधिक मिळत नाही, म्हणून येथेही चलित्राची त्रिकोण जोडणी करावी लागते. चलित्र चालू असताना परिवर्तक व चलित्र यांमधील स्विच उघडू नये.

मर्यादा व दक्षता : परिवर्तक कला निर्माण करतो, शक्ती निर्माण करीत नाही. ८२% कार्यक्षमता व ०·८ शक्तिगुणक असलेले ३ अश्वशक्तीचे चलित्र पूर्ण भाराला ४१५ व्होल्टच्या त्रिकला पुरवठ्यातून प्रत्येक तारेत सु. ४·७ अँपिअर प्रवाह घेते. तीच शक्ती त्याच शक्तिगुणकाला २४० व्होल्टच्या एककला पुरवठ्यातून घेण्यास सु. १४ अँपिअर लागतात. तारा, वितळतार व मंजूर भार यांचा विचार त्यानुसार करावा लागतो.

दाबांतील थोड्या असमतोलानेही प्रवाहांत त्याच्या कित्येक पट असमतोल होतो व एखादी गुंडाळी जळते. महाराष्ट्रात त्रिकला पुरवठा बंद असलेल्या वेळी धारित्र जोडून शेतीपंप चालविण्याची प्रथा अनेक ठिकाणी आढळते. तीत चलित्र जळण्याचा धोका असतोच. शिवाय सर्व भार रोहित्राच्या मोजक्याच कलांवर पडून इतर ग्राहकांचा दाब घसरतो व रोहित्रही निकामी होऊ शकते. म्हणून तिन्ही तारांतील प्रवाह मोजून पाहणे, अतिभार रक्षक न वगळणे व धारित्रावर विसर्जन रोधक (साठलेला विद्युत् भार काढून टाकणारा रोधक) बसविणे आवश्यक असते. मोठ्या किंवा सतत चालणाऱ्या यंत्रांसाठी त्रिकला पुरवठा घेणेच अंती किफायतशीर ठरते.