मंद्र नादाची सीमा

गेल्या दिवाळींत जळगांवीं आमचे घरीं एक सबवूफर आला. म्हणजे जिच्या पोटांतून केवळ मंद्र नाद निघावा अशी एक जड पेटी. ती आली आणि आठ दिवसांतच आमच्या वडिलांनीं सायंकाळीं नाट्यगीतें ऐकावयास बसणें सोडून दिलें. "गाणारा खाटेखालीं दडून गातो आहे," एवढेंच ते म्हणत. दहावींतल्या आमच्या चिरंजीवास हें फार लागलें, कारण पेटी त्यानेंच हट्टानें आणविली होती. दोष कशाचा याचा शोध आम्हीं बापलेकांनीं मिळून केला, त्याची ही हकीकत.

मनुष्याच्या कानास सेकंदास सुमारे २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचा नाद ऐकूं येतो. सेकंदास एक कंपन म्हणजे एक हर्ट्झ. पैकीं सुमारे ८० हर्ट्झच्या खालचा नाद कोणत्या दिशेनें आला हें कानास जवळजवळ उमगत नाहीं. म्हणून तेवढा भाग एका पेटीवर सोंपवून ती कोपऱ्यांत ठेविली तरी चालतें. जिनिंगच्या कारखान्यांत जशी रुई एकीकडे व सरकी दुसरीकडे, तसे खालचे नाद सबवूफरकडे व वरचे नाद मुख्य स्पीकरांकडे जावयाचे. या वांटणीस क्रॉसओव्हर म्हणतात. त्यांतील खालचे नाद तेवढे पुढें सोडणारा भाग तो लो-पास. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर साधारणतः १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो. तो पेटींत शिरला कीं गाणारा कोपऱ्यांत बसलेला वाटणारच!

आमच्या पेटीवर वांटणीचें बटण नव्हतें. मुलानें तिच्या वाटेवर एक जुना इक्वलायझर जोडला होता. त्याच्या दहा सरकत्या दांड्या ३१, ६२, १२५, २५० अशा दुपटीनें १६,००० पर्यंत जातात. पहिल्या दोन तशाच ठेवून उरलेल्या आठही त्यानें तळाशीं ओढल्या होत्या. युक्ति मूर्खपणाची नव्हती. परंतु ती दांडी फार तर १२ डेसिबेल उतरते. म्हणजे कंपविस्तार सुमारे चतुर्थांश उरतो, आणि पुढें सगळीकडे तो तेवढाच राहतो. खऱ्या लो-पासचें तसें नाहीं. सीगफ्रीड लिंकविट्झ व रस रायली यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेली रचना (१९७६) घ्या: सीमा ८० वर ठेविली तर ८० ला निम्मा, १६० ला सतरावा हिस्सा, आणि ३२० ला २५७ वा हिस्सा उरतो. पहिली एक पायरी उतरून लागलेला ओटा, दुसरा सातपुड्याचा उतार. सीमेवर निम्माच कां? कारण तेथें मुख्य स्पीकरही निम्मा देतो; दोघांचे पडदे एकाच वेळीं एकाच दिशेस हलले तर बेरीज पूर्ण भरते.

शोधतां शोधतां खुद्द ॲम्प्लिफायरच्या यादींतच क्रॉसओव्हर सांपडला! मुख्य स्पीकर "लहान" आहेत असें तेथें सांगून सीमा ८० वर ठेविली, इक्वलायझर सोडविला, आणि गायक खाटेखालून निघून पुढें येऊन बसला.

तरी डग्गा मधूनच घुमे. मुलानें २० पासून १०० पर्यंत एकेक शुद्ध स्वर वाजविला. ५७ जवळ खिडकीचीं तावदानें थरथरूं लागलीं. नादाचा वेग सेकंदास सुमारे ३४४ मीटर (आपल्या वैशाखांत पारा ४५ अंशांवर गेला म्हणजे तो ३५८ च्या घरांत जातो). म्हणजे ५७ हर्ट्झच्या लहरीची लांबी ६ मीटर. आमची खोली ३ मीटर रुंद, म्हणजे बरोबर निम्मी. अशी लहर दोन भिंतींमध्यें जागच्या जागीं आंदोलत राहते; भिंतींशीं तिचा जोर सर्वांत अधिक, मध्यभागीं जवळजवळ शून्य. वडिलांची आरामखुर्ची नेमकी भिंतीस टेकलेली! हीच पेटी धुळ्यास बंधूंच्या ४ मीटर रुंद खोलींत नेली, तेव्हां ती ५७ वर मुकाट राहिली आणि ४३ वर गरजली.

इक्वलायझरचें खरें काम येथें होतें. दहा दांड्यांत ५७ नाहीं. परंतु ॲम्प्लिफायरमध्यें हवा तो आंकडा निवडून तेवढाच अरुंद पट्टा उतरवितां येतो. तो ६ डेसिबेल उतरविला आणि खुर्ची हातभर पुढें ओढली. खोलीच्या मध्यभागीं जो स्वर नाहींसा होई तो चढवून भरावा, असें मुलास वाटलें. कितीही चढविला तरी तेथें कांहींच ऐकूं येईना. शेजारच्या बाईंनीं मात्र दार वाजविलें.

वडील पुन्हां बसूं लागले आहेत. त्यांच्या मतें डग्गा अजून किंचित् मोठा आहे, नातवाच्या मतें लहान. सध्यां बटण दोघांच्या मध्यें आहे. रात्रीं दहानंतर मात्र तें पार खालीं असतें, कारण मंद्र नादास पलीकडच्या घराची भिंत फारशी अडवीत नाहीं.