शेवटची दोन मिनिटं आणि पुढची दोन वर्षं

बुधवारी रात्री चेन्नईत ज्युनिअर हॉकी विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्ध ०-२ असे मागे पडलेले भारताचे ज्युनिअर शेवटच्या बारा मिनिटांत चार गोल करून ४-२ जिंकले. कांस्यपदक गळ्यात पडलं आणि त्याच्या तीनच दिवस आधीचा रविवार जवळपास सगळ्यांनीच विसरायला घेतला. तो विसरू नये म्हणून हा लेख. त्या रविवारी, ७ डिसेंबर २०२५ ला, याच मैदानावर जर्मनीने उपांत्य फेरीत आपल्याला ५-१ असं धुतलं होतं. गटातल्या तीन सामन्यांत २९ गोल करून एकही न स्वीकारणारा आणि उपांत्यपूर्व फेरीत बेल्जियमला शूटआउटमध्ये काढणारा हा संघ कमी कौशल्याचा नव्हता. चेंडू अडवणं, चकवणं, फ्लिक मारणं यांत ही मुलं जर्मनांच्या बरोबरीची होती, काही तर सरस होती. तरीही गोलफलक ५-१ सांगत होता.

हे एकदाच झालं असतं तर वाईट दिवस म्हणून सोडून देता आलं असतं. पण २०२१ साली भुवनेश्वरला ज्युनिअर विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत जर्मनीकडून २-४, २०२३ साली क्वालालंपूरला उपांत्य फेरीत जर्मनीकडूनच १-४, आणि आता चेन्नईत १-५. आपले कर्णधार तीन, कोच तीन. समोरचा संघ तोच आणि फेरीही तीच. म्हणजे दुखणं कुणा एका खेळाडूत किंवा कोचमध्ये नाही. ते अशा जागी आहे, जिथे आपण माणसं बदलत राहतो आणि हात मात्र लावत नाही.

त्या पाच गोलांची मिनिटं बघा. पहिला चौदाव्या मिनिटाला, दुसरा पंधराव्या, तिसरा तिसाव्या. पहिला क्वार्टर संपताना दोन आणि दुसरा संपताना एक, असे मध्यंतरापर्यंतचे तिन्ही गोल शिट्टीच्या तोंडावर झालेले. बुधवारी आपण जिंकलो, त्या सामन्यातही अर्जेंटिनाचा दुसरा गोल चव्वेचाळिसाव्या मिनिटाचा, म्हणजे तिसरा क्वार्टर सरता सरता झालेला.

आंतरराष्ट्रीय हॉकीत २०१४ पासून पस्तीस मिनिटांच्या दोन अर्धांऐवजी पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर आले. पाण्याची, जाहिरातींची सोय म्हणून आपण त्याकडे पाहिलं. खरा बदल वेगळाच होता. आधी सामन्याला दोन शेवट होते, आता चार झाले. आणि क्वार्टरच्या शेवटच्या मिनिटात आक्रमण करणं हा हॉकीतला सर्वांत स्वस्त जुगार आहे. एरवी आठ जण पुढे घुसवले आणि चेंडू हातचा गेला, तर उलट धाव येऊन गोल बसतो. शिट्टीला वीस सेकंद उरली असतील तर समोरच्याकडे उलट धाव घ्यायला वेळच नसतो. शिवाय वेळ संपता संपता पेनल्टी कॉर्नर मिळाला तर घड्याळ थांबलं तरी तो पूर्ण खेळवला जातो. त्यामुळे त्या मिनिटात पुढे जाणाऱ्याला मिळवायचंच असतं, गमवायचं फारसं काही नसतं. जर्मन मुलं हे हिशेबाने खेळतात. त्याच क्षणी आपल्या मुलांचं लक्ष बाकाकडे, पाण्याच्या बाटलीकडे, आता श्वास घेता येईल याकडे गेलेलं असतं, असं मला सामने बघताना पुन्हा पुन्हा वाटतं. मोजक्या गोलांवरून सिद्धांत मांडू नये हे मान्य. पण मोठ्यांच्या संघाचा इतिहास काढला की याच जागी पुन्हा बोट पडतं.

२२ जानेवारी २०२३, भुवनेश्वर. विश्वचषकाचा क्रॉसओव्हर सामना. जिंकणारा उपांत्यपूर्व फेरीत जाणार, हरणारा पदकाच्या शर्यतीबाहेर. घरच्या प्रेक्षकांसमोर भारत न्यूझीलंडविरुद्ध २-० पुढे. अठ्ठाविसाव्या मिनिटाला एक गोल खाल्ला. वरुण कुमारने ३-१ केलं, तर त्रेचाळिसाव्याला दुसरा खाल्ला. दोन्ही वेळा शिट्टी दोनेक मिनिटांवर होती. एकोणपन्नासाव्या मिनिटाला ३-३ झालं, मग शूटआउट, मग सडन डेथ, आणि ४-५ असा पराभव. टोकियोत कांस्य जिंकलेला संघ अर्जेंटिनासोबत संयुक्त नववा आला. त्या शूटआउटमध्ये दुखापत होऊन बाहेर बसावं लागलेला गोलरक्षक म्हणजे पी. आर. श्रीजेश, चेन्नईतल्या या ज्युनिअर संघाचा कोच. जे झालं ते त्याने स्वतः पाहिलं, सोसलं आणि त्यातून संघ उभा राहतानाही तो त्यात होता. या मुलांसाठी त्याहून मोठी शिदोरी कुठल्या परदेशी कोचकडे असेल, असं मला वाटत नाही.

त्या पराभवानंतर काय झालं, ते नीट मांडायला हवं, कारण आजच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. आठवडाभरात कोच ग्रॅहम रीड यांनी राजीनामा दिला. वर्तमानपत्रांत ‘संघ मोडा, नवा बांधा’चा सूर होता. मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेचे क्रेग फुल्टन यांची नेमणूक झाली. आयर्लंडच्या पुरुष संघाला २०१६ साली ऑलिम्पिकमध्ये नेणारे आणि टोकियोत सुवर्ण जिंकलेल्या बेल्जियमचे सहायक कोच राहिलेले हे गृहस्थ. त्यांनी संघ मोडला नाही. भुवनेश्वरच्या विश्वचषकासाठी मुळात निवडलेल्या अठरांपैकी बारा जण दीड वर्षाने पॅरिसच्या सोळांत होते: श्रीजेश, हरमनप्रीत, मनप्रीत, हार्दिक, रोहिदास, जरमनप्रीत, शमशेर, विवेक सागर, मनदीप, ललित, अभिषेक, सुखजीत. उरलेल्या चारांपैकी सुमित आणि गुरजंत टोकियोचे जुनेच गडी. खऱ्या अर्थाने नवे दोघे, संजय आणि राजकुमार पाल. हीच ती पुनर्बांधणी!

बदललं ते खेळणं. आपली हॉकी पिढ्यान्‌पिढ्या पुढे धावत आली. चेंडू मिळाला की गोलाकडे सुटायचं आणि मागे पडलेली मोकळी जागा नशिबावर सोडायची. फुल्टन यांनी बचावापासून सुरुवात केली. चेंडू गेल्यावर पहिल्या पाच सेकंदांत कोण कुठे उभं राहणार, फॉरवर्डने मागे किती यायचं, पुढे असताना चेंडू कोपऱ्यात कसा मुरवायचा. दिसायला रुक्ष काम, टाळ्या न मिळवणारं. मनाच्या तयारीसाठी पॅडी अप्टन आले. २०११ साली क्रिकेटचा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघासोबत ते होते.

पहिली मोठी परीक्षा ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या याच मेयर राधाकृष्णन स्टेडियममध्ये झाली. आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात मलेशिया मध्यंतराला ३-१ पुढे. तिसरा क्वार्टर संपता संपता, पंचेचाळिसाव्या मिनिटात, हरमनप्रीतने एक आणि गुरजंतने दुसरा गोल केला. एकाच मिनिटात ३-३, आणि छप्पन्नाव्याला आकाशदीपने सामना जिंकून दिला. सात महिन्यांपूर्वी जी मिनिटं आपल्याला खात होती, ती आता आपण समोरच्याकडून वसूल करत होतो. पुढे हांगचौला जपानला ५-१ हरवून आशियाई सुवर्ण मिळालं. पॅरिसला ब्रिटनविरुद्ध रोहिदासला लाल कार्ड मिळाल्यावर चाळीसहून जास्त मिनिटं दहा जणांनी किल्ला लढवला, शूटआउट जिंकला आणि कांस्य घरी आणलं. दहा जणांची ती तटबंदी म्हणजे दीड वर्षाच्या रुक्ष कामाचं फळ होतं.

आणि हे सरळ रेषेत झालं नाही, हेही सांगायला हवं. यंदाच्या जूनमध्ये युरोपात प्रो लीगचे सलग सात सामने हाच संघ हरला आणि आठव्या क्रमांकावर घसरला. ओरड झाली, पण फुल्टन राहिले. सप्टेंबरमध्ये राजगीरला कोरियाला ४-१ हरवून आशिया कप जिंकला आणि २०२६ च्या विश्वचषकाचं तिकीटही काढलं. जूनमध्ये कोच बदलला असता तर सप्टेंबर दिसला असता का? मला वाटतं, नाही.

उलट दाखले आपल्याकडे ढिगाने आहेत. १९९८ साली बँकॉकला धनराज पिल्ले याच्या नेतृत्वाखाली भारताने ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण जिंकलं. परत आल्यावर कोच एम. के. कौशिक यांच्यासह धनराज आणि आणखी कितीतरी खेळाडूंना संघाबाहेर काढण्यात आलं. जिंकलेला संघ मोडण्याची अशी करणी कुठल्या खेळात झाली असेल, तर ती मला माहीत नाही, आणि सत्तावीस वर्षांनीही तिचा राग येतो. महिला संघाचंही तसंच. टोकियोत चौथा आलेला तो संघ. जानेवारी २०२४ मध्ये रांचीला ऑलिम्पिक पात्रता स्पर्धेत उपांत्य फेरीत जर्मनीकडून शूटआउटमध्ये हरला, मग जपानकडून ०-१, आणि पॅरिस हुकलं. फलटण तालुक्यातल्या आसूची वैष्णवी फाळके त्या संघात होती. महिन्याभरात यानेके शॉपमन गेल्या, हरेंद्रसिंग आले. यंदा संघ प्रो लीगमधून खाली गेला, आणि ज्युनिअर विश्वचषक चालू असतानाच, १ डिसेंबरला, हरेंद्रसिंगही गेले. पुन्हा पहिल्यापासून. साताऱ्याच्या, झारखंडच्या, हरियाणाच्या मुलींनी दर दोन वर्षांनी नवी भाषा आणि नवी रचना शिकायची, आणि हरल्यावर त्यांच्यातच जिद्द कमी पडली असं म्हणायचं, हा अन्याय आहे.

आता प्रश्न या अठरा मुलांचा. ज्युनिअर विश्वचषकानंतरची दोन-तीन वर्षं म्हणजे आपल्या हॉकीतली सर्वांत मोठी गळती. एकविशी उलटली की ज्युनिअरमध्ये जागा नाही आणि मोठ्यांच्या संघात अजून बोलावणं नाही. २०१६ साली लखनौला बेल्जियमला २-१ हरवून ज्युनिअर विश्वविजेते झालेल्या संघातले हरमनप्रीत, मनदीप, सुमित, नीलकांत, वरुण, गुरजंत आणि सिमरनजीत हे सात जण टोकियोच्या पदकापर्यंत पोहोचले. टोकियोच्या कांस्यसामन्यात जर्मनीविरुद्ध दोन गोल करणारा सिमरनजीत त्यांतलाच. पण त्याच विश्वविजेत्या संघाचा कर्णधार हरजीतसिंग मोठ्यांच्या संघात पाय रोवू शकला नाही. कर्णधाराची ही गत, तर बाकावरच्या मुलाला कोण विचारणार?

गळतीच्या आधी मुलं घडतात कुठे हा प्रश्न येतो, आणि तिथे मला चेन्नईपेक्षा तंजावर जवळचं वाटतं. चेन्नई आणि मदुराई या स्पर्धेच्या दोन यजमान शहरांच्या मधल्या पट्ट्यातला हा कावेरीचा सुपीक त्रिभुज प्रदेश. मराठी वाचकाला तंजावर म्हटलं की व्यंकोजीराजे, सरफोजीराजे, सरस्वती महाल आठवतो. हॉकी आठवत नाही, आणि आठवण्याचं फारसं कारणही इथे कुणी निर्माण केलेलं नाही. पण कोळ्ळिडम नदी ओलांडून उत्तरेला गेलं की अरियलूर लागतं, आणि तिथला कार्ती सेल्वम मे २०२२ मध्ये जकार्ताच्या आशिया कपमध्ये भारताकडून उतरला. पदार्पणातच पाकिस्तानविरुद्ध त्याने गोल केला. चेन्नईच्या त्या २०२३ च्या स्पर्धेतही मलेशियाविरुद्ध साखळीत आणि जपानविरुद्ध उपांत्य फेरीत त्याचा गोल होता. हा मुलगा घडला कुठे? घरापासून जवळपास तीनशे किलोमीटरवर, दक्षिणेला कोविलपट्टीत. काडेपेट्यांच्या कारखान्यांचं आणि शेंगदाण्याच्या चिक्कीचं ते गाव हॉकीवेडं आहे. सरकारी प्रशिक्षण केंद्र आहे, टर्फ आहे, लक्ष्मी अम्माळ स्मृती स्पर्धेसाठी देशभरातले संघ तिथे येतात. कार्तीसोबत जकार्ताला गेलेला मारीश्वरन शक्तिवेल तर कोविलपट्टीचाच. एका गावाने हे केलं, म्हणून दोन खेळाडू मिळाले. डेल्टात असं दुसरं कोविलपट्टी असतं तर?

कृत्रिम टर्फ पहिल्यांदा १९७६ साली माँट्रियल ऑलिम्पिकला आलं आणि त्याच वर्षी ऑलिम्पिकमध्ये भारताचा सातवा क्रमांक लागला. तेव्हापासून आपण म्हणत आलो की टर्फ कमी आहेत. आजही गवतावर आणि मातीवर वाढणाऱ्या मुलाला चेंडू थांबवण्याची सवय लागते, कारण तो उसळतो. टर्फवर तोच चेंडू थांबवायला लागणारा अर्धा क्षण जर्मन मुलगा खाऊन टाकतो. शेवटच्या मिनिटातली घाई, पास चुकणं, डीच्या तोंडावर चेंडू हरवणं यांची मुळं कोचच्या फळ्यावर जितकी आहेत, तितकीच मुलाच्या बाराव्या वर्षीच्या मैदानात आहेत. हे खडकीला कळलं होतं. दारूगोळा कारखान्याच्या त्या वसाहतीत तमिळ आईबापांच्या पोटी जन्मलेला, मराठी बोलत वाढलेला धनराज पुढे चार ऑलिम्पिक आणि चार विश्वचषक खेळला, कारण घराबाहेर पाऊल टाकलं की खेळायला जागा आणि खेळणारी माणसं होती.

येत्या जानेवारीत हॉकी इंडिया लीग सुरू होते आहे, तीही चेन्नईपासून. परवाच्या संघातल्या मुलांना तिथे जर्मन, डच, बेल्जियन खेळाडूंच्या खांद्याला खांदा लावून महिनाभर राहता येईल. लीगच्या मालकांनी त्यांना बाकावर बसवून ठेवू नये. नुसत्या दहा मिनिटांसाठी नाही, क्वार्टरच्या त्या अवघड मिनिटांत त्यांना मैदानावर ठेवावं. ऑगस्टमध्ये बेल्जियम-नेदरलँड्समधल्या विश्वचषकासाठी फुल्टन यांनी यांतले तीन-चार जण आत्तापासून शिबिरात घ्यावेत. आणि २०२७ च्या ज्युनिअर विश्वचषकापर्यंत श्रीजेशला हात लावू नये. मधल्या काळात तो एखादी स्पर्धा हरला तरी. जोहोरला ऑक्टोबरमध्ये अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून तो १-२ हरलाच होता, आणि दोन महिन्यांत नऊ वर्षांनंतरचं पहिलं ज्युनिअर विश्वचषक पदक त्याने आणलं. तमिळनाडू सरकारने विश्वचषकासाठी जो खर्च केला, त्याचा पुढचा हप्ता कावेरीच्या खोऱ्यात एका टर्फवर आणि एका वसतिगृहावर खर्च व्हावा, अरियलूरच्या पुढच्या मुलाला घर सोडून कोविलपट्टी गाठावी लागू नये.