गॅलरीतली चिमणी

विजय नगरातल्या नव्या इमारतींना वळचणच नाही, मग चिमणीनं घरटं बांधायचं कुठे? म्हणून आम्ही गॅलरीत लाकडी पेटी टांगली. भोक ३२ मिलिमीटरचं ठेवा. चिमणी आत जाते, साळुंकीला शिरता येत नाही. बाहेर दांडी नको, ती शत्रूच्याच सोयीची. पेटी सावलीत आणि उंचावर हवी.

गंमत म्हणजे अमेरिकेत हीच चिमणी नकोशी आहे! १८५० च्या सुमारास माणसांनीच ती ब्रुकलिनला नेली. आता पर्पल मार्टिनसाठी अंगणात लावलेली घरं ती बळकावते.

आपल्याकडे मात्र नुसत्या पेटीनं भागत नाही. मोठ्या चिमण्या दाणे टिपतात, पण पिल्लांना किडे-अळ्याच लागतात. त्यामुळे आमच्या कुंड्यांवरची फवारणी बंद. कढीपत्ता कुरतडला जातो, आई कुरकुरते.