थबकलेल्या थ्रेडांची कैफियत

सुरळीत चाललेला सर्व्हर कसलीही त्रुटी न नोंदवता एकाएकी निरुत्तर होतो, प्रोसेस जिवंत असते, प्रोसेसरवरचा भार मात्र शून्याजवळ येऊन ठेपतो, आणि विनंत्यांची रांग क्षणोक्षणी लांबत जाते. अशा वेळी प्रोसेस मारून ती नव्याने सुरू करण्याची घाई सर्वांनाच होते. ती काही मिनिटे आवरावी, असा माझा आग्रह असतो. कारण दोषाचा सारा पुरावा त्या घटकेला प्रोसेसच्या मेमरीत शाबूत असतो आणि रीस्टार्टबरोबर तो समूळ नाहीसा होतो.

लिनक्सवर प्रोसेसचा क्रमांक देऊन जीडीबी हा डीबगर तिला जोडला, की तिचे सर्व थ्रेड जागच्या जागी थांबतात. ‘इन्फो थ्रेड्स’ या कमांडने त्यांची यादी मिळते आणि ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी’ने प्रत्येकाचा स्टॅक ट्रेस. शून्य क्रमांकाची फ्रेम म्हणजे थ्रेड सध्या ज्या फंक्शनात आहे ते. तिच्याखाली त्या फंक्शनाला बोलावणारे, त्याखाली त्यालाही बोलावणारे, असे उतरत आपण थ्रेडच्या उगमापाशी पोहोचतो. मी वाचन तळापासून करतो; थ्रेड कोणत्या कामावर नेमलेला होता हे आधी उमगले, म्हणजे तो जेथे अडला आहे तेथे त्याचे असणे स्वाभाविक की विपरीत, याचा निर्णय करता येतो.

सी++ मध्ये लिहिलेल्या एका सेवेची तपासणी या दृष्टीने माझ्या मनात ठसली आहे. तिचे बहुतेक थ्रेड ‘पीथ्रेड कॉन्ड वेट’मध्ये स्वस्थ होते, नवशिक्याला ते पाहून धास्ती वाटते, परंतु रांगेत काम येण्याची वाट पाहणे हाच त्यांचा धर्म असल्यामुळे ते निर्दोष होते. दोन थ्रेड मात्र लॉक मिळण्यासाठी खोळंबले होते. त्यांच्या फ्रेममध्ये जाऊन म्युटेक्स छापून पाहिला. ग्लिबसीच्या म्युटेक्समध्ये ‘ओनर’ नावाचा रकाना असतो व ताबेदार थ्रेडचा क्रमांक त्यात नोंदलेला असतो. पहिल्याला हवे असलेले लॉक दुसऱ्याच्या ताब्यात होते आणि दुसऱ्याला हवे असलेले पहिल्याच्या. एकाने खात्यांचा तक्ता धरून लॉग मागितला होता, दुसऱ्याने लॉग धरून तक्ता. दोघांचाही कोड स्वतंत्रपणे वाचला असता त्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

स्टॅक ट्रेस हा थ्रेडच्या गतकाळाचा इतिहास नव्हे. ज्या फंक्शनांकडे परतणे अद्याप बाकी आहे, त्यांचीच ती यादी होय. जे फंक्शन लॉक घेऊन, ते न सोडता परतले, त्याची खूण तेथे उरत नाही. म्हणून एकट्या ट्रेसवर विसंबून कोणालाही दोषी ठरवू नये. सर्व ट्रेस आणि लॉकांची मालकी शेजारी-शेजारी मांडूनच निष्कर्ष काढावा.

कॉफमन, एल्फिक व शोशानी यांनी १९७१ साली अशा परस्पर कोंडीच्या, म्हणजे डेडलॉकच्या, चार आवश्यक अटी सांगितल्या: संसाधनाचा अनन्य ताबा, एक धरून दुसऱ्याची प्रतीक्षा, बळाने काढून घेण्यास मज्जाव, आणि प्रतीक्षेचे वर्तुळ. यांपैकी एक मोडली तरी पुरते. आम्ही चौथी मोडली: आधी तक्ता, मग लॉग, हा क्रम सर्व कोडमध्ये सक्तीचा केला.

डेडलॉकमधील दोषी निदान जागेवर सापडतात. डेटा रेसमध्ये मेमरी बिघडवणारा थ्रेड केव्हाच पुढे निघून गेलेला असतो आणि कोसळतो तो दुसराच. म्हणून कोसळलेल्या क्षणाचा ट्रेस पुष्कळदा निरपराधाकडेच बोट दाखवतो. तेथे थ्रेडसॅनिटायझर लावून प्रोग्राम बांधावा. तो चालण्यास साधारण ५ ते १५ पट मंदावतो, पण परस्परविरोधी अशा दोन्ही वापरांचे ट्रेस हाती देतो.

थांबलेल्या सर्व्हरचा खोळंबा फार काळ चालू देता येत नाही, हे मलाही मान्य आहे. यासाठी ‘जीकोर’ने मेमरीची प्रत जतन करावी आणि मगच प्रोसेस खुशाल मारावी, सेवा पूर्ववत होईल आणि तपासही सावकाश, निःपक्षपातीपणे पुरा करता येईल.