घरच्या वाचनाचे गणित

ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. माजिवड्यातल्या चौघांच्या कुटुंबाने चार पुस्तके आणली, असे समजा. प्रत्येकाने आपले पुस्तक दर आठवड्याला शेजारच्याला दिले, की चार आठवड्यांत सगळी सर्वांची वाचून होतात. (परतीची तारीख तेवढी सांभाळावी!)

विद्यार्थिमित्रांनो, आता गप्पा मारू शकणाऱ्या जोड्या मोजा: सहा. सगळी निवड वडिलांनीच केली आणि धाकटी कंटाळून उठून गेली, तर? माणूस एकच कमी झाले. जोड्या मात्र तीन, म्हणजे निम्म्याच उरल्या! उलट चौघांत आजी आली, की दहा.

ज्याला त्याला आपापले पुस्तक मिळावे, हा नियम १९३१ साली मांडणारे डॉ. रंगनाथन आधी मद्रासला गणितच शिकवीत. तेव्हा धाकटीने भुताची गोष्ट निवडली, तरी वडिलांनी आपल्या आठवड्यात ती वाचलीच पाहिजे.