सार्वमत आणि मताचा अधिकार

भगवान बुद्धांच्या भिक्खुसंघात एखाद्या प्रश्नावर एकमत झाले नाही, तर शलाका म्हणजे लाकडी काड्या वाटून बहुमत घेतले जाई. शलाका गोळा करणारा भिक्खू संघच नेमीत असे. आजारामुळे येऊ न शकणाऱ्या भिक्खूने संघाच्या कामकाजास आपली संमती दुसऱ्याबरोबर पाठवावी, असा नियम होता. परमपूज्य बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत भिक्खुसंघातील मतदानाच्या पद्धतीची आठवण करून दिली होती.

ते मत माणूस निवडण्यासाठी नव्हते, प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी होते. अशाच मताला आज आपण सार्वमत म्हणतो. निवडून दिलेला प्रतिनिधी पाच वर्षांनी बदलता येतो. सार्वमताचा निर्णय मात्र पुढच्या पिढ्यांनाही बांधू शकतो. म्हणूनच त्यात मत कोणाला द्यायचे आणि कोणाला नाकारायचे, हा मानवी हक्कांचा प्रश्न ठरतो.

१९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे कलम २५ सांगते की, प्रत्येक नागरिकाला सार्वजनिक कारभारात प्रत्यक्ष किंवा प्रतिनिधींमार्फत भाग घेण्याचा हक्क आहे. भारताने हा करार १९७९ मध्ये स्वीकारला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने १९९६ मध्ये खुलासा केला की, सार्वमतातील मतदान हा असाच प्रत्यक्ष सहभाग आहे आणि त्यावर केवळ वाजवी निर्बंध घालता येतात.

युरोपातील मानवी हक्क करार मात्र इतका व्यापक नाही. त्याच्या पहिल्या जोडकराराचे कलम ३ विधिमंडळाच्या निवडणुकीपुरतेच बोलते. या एका शब्दाचा परिणाम पाहा. ब्रिटनमध्ये शिक्षा भोगणाऱ्या सर्व कैद्यांचा मताधिकार सरसकट काढून घेणे हक्कभंग आहे, असा निकाल युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००५ मध्ये दिला. पुढे १८ सप्टेंबर २०१४ रोजी स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावर सार्वमत झाले. त्यात १६ वर्षांच्या मुलामुलींनाही मत मिळाले, पण शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना नाही. कैदी न्यायालयात गेले. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात सातपैकी पाच न्यायाधीशांचे मत त्यांच्या विरुद्ध गेले. २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयानेही त्यांचे अर्ज फेटाळले. कारण एकच : सार्वमत म्हणजे विधिमंडळाची निवडणूक नव्हे!

मग प्रत्येक निर्बंध अन्यायाचाच असतो काय? तसे नाही. प्रशांत महासागरातील न्यू कॅलेडोनिया हा फ्रान्सच्या ताब्यातील प्रदेश. तेथे १९९८ च्या सार्वमतासाठी दहा वर्षांच्या रहिवासाची अट होती आणि स्वातंत्र्यावरील पुढच्या सार्वमतांसाठी ती वीस वर्षांची होती. मत नाकारलेल्या फ्रेंच नागरिकांनी मानवी हक्क समितीकडे दाद मागितली. सार्वमताला कलम २५ लागू आहे, हे समितीने मान्य केले. परंतु त्या भूमीचे भवितव्य तिच्याशी घट्ट नाते असणाऱ्यांनी ठरवावे, हा हेतू वाजवी मानून २००२ मध्ये तिने तक्रार फेटाळली. म्हणजे निर्बंध कोणासाठी व कशासाठी, हे सरकारला सांगावे लागते.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या संविधानाचे कलम ३२६ प्रौढ मताधिकार देते. पण तेही लोकसभा व विधानसभांच्या निवडणुकीपुरतेच. सार्वमताचा त्यात उल्लेख नाही. म्हणून गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही, या प्रश्नावर १६ जानेवारी १९६७ रोजी जो जनमत कौल घेतला गेला, त्यासाठी संसदेला वेगळा कायदा करावा लागला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. फरक केवळ ३४,०२१ मतांचा! एवढ्या मतांनी एका प्रदेशाचे भवितव्य ठरले. तेव्हा यादीत कोण आणि यादीबाहेर कोण, हा प्रश्न किती मोलाचा आहे ते ध्यानात येते.

ज्या समाजाला शतकानुशतके गावाच्या कोणत्याही निर्णयात विचारले गेले नाही, त्याला हे वेगळे सांगायला नको. बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, तेव्हापासून ते मताधिकारासाठी झगडले. उद्या कधी एखाद्या प्रश्नावर जनतेचा कौल घ्यायचे ठरले, तर 'होय' की 'नाही' याची चर्चा करण्याआधी आपण एवढे विचारले पाहिजे : यादीतून कोणाला वगळले आहे, आणि का?