विषाणूचे चार तुकडे

सस्तन प्राण्याच्या पेशींत एखादें नवें जनुक नुसतें सोडून दिलें, तर तें बहुधा थोडेच दिवस टिकतें. पेशी दुभंगत गेल्या कीं तें मागें पडून नाहींसें होतें. तें कायम राहावयाचें तर पेशीच्या गुणसूत्रांतच सांधलें गेलें पाहिजे. ही विद्या निसर्गांत कांहीं विषाणूंस साधलेली आहे. त्यांपैकीं लेंटिव्हायरस हें कुळ विशेष कामाचें. लॅटिन भाषेंत ‘लेंटस’ म्हणजे मंद. या विषाणूंचे रोग सावकाश वाढतात, म्हणून हें नांव. ते आपल्या आरएनएवरून डीएनएची प्रत करून ती यजमान पेशीच्या गुणसूत्रांत घुसवितात. आणि त्यासाठीं पेशी दुभंगण्याची वाट पाहत नाहींत.

परंतु या कुळांत सर्वांत अभ्यासिलेला विषाणु म्हणजे एड्सचा एचआयव्ही! त्यालाच औषधाचा हमाल नेमणें हा चोराच्या हातीं जामदारखान्याच्या किल्ल्या देण्याचा प्रकार वाटेल. १९९६ सालीं कॅलिफोर्नियांतील साल्क संस्थेंत नाल्दिनी, त्रोनो, व्हर्मा प्रभृति शास्त्रज्ञांनीं विषाणूचें सामान वेगवेगळ्या प्लास्मिडांवर विभागलें व उंदरांच्या मेंदूंतील न दुभंगणाऱ्या पेशींत जनुक पोंचवून दाखविलें.

प्लास्मिड म्हणजे जीवाणूंत वाढवितां येणारें डीएनएचें लहानसें कडें. १९९८ पासून चार कड्यांची रीत रूढ झाली. पहिल्यावर इष्ट जनुक व ‘हा माल भरावा’ अशी खूण. दुसऱ्यावर कवच आणि विकरें बनविण्याची माहिती. तिसऱ्यावर ‘रेव्ह’ हें साहाय्यक जनुक. चौथ्यावर बाह्य आवरण, तेंही एचआयव्हीचें नसून गुरांच्या तोंडास फोड आणणाऱ्या दुसऱ्याच विषाणूचें. एचआयव्हीच्या नऊ जनुकांपैकीं सहा मुळींच घेत नाहींत. हीं चारी कडीं मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडापासून वाढविलेल्या पेशींत सोडलीं कीं दोनतीन दिवसांत विषाणुकण बाहेर पडूं लागतात. सारी मेख त्या खुणेंत आहे. ती पहिल्याच कड्यावर असल्यानें कवचांत तेवढाच माल भरला जातो. कवच बनविण्याची कृति मागेंच राहते. असा कण एकदां पेशींत शिरतो, जनुक सांधतो आणि निःसंतान संपतो.

या मार्गानें रुग्णाच्याच रक्तपेशींस कर्करोग ओळखावयास शिकविणारा उपचार २०१७ सालीं अमेरिकेंत मंजूर झाला. मुंबईची आयआयटी व टाटा मेमोरियल सेंटर यांच्या संशोधनांतून निघालेल्या तशाच उपचारास २०२३ सालीं भारतांत मान्यता मिळाली.

एक धोका मात्र तुकडे करून टळत नाहीं. जनुक गुणसूत्रांत नेमकें कोठें बसेल, हें ठरवितां येत नाहीं. मेंदूच्या एका आनुवंशिक रोगावरील अशा उपचारानंतर कांहीं मुलांस रक्ताचा कर्करोग झाला. घातलेल्या तुकड्यांतील जोरकस चालक भागानें शेजारचीं वाढीचीं जनुकें जागीं केलीं असावींत, असें तज्ज्ञ मानतात. त्यामुळें अशा रुग्णांवर पंधरा वर्षांपर्यंत लक्ष ठेवावें, असें अमेरिकेचे औषधनियामक सांगतात.